खळीतला मका, ग्लासातला मका

सोलापुरातल्या परमिट रूममध्ये नुसतं ‘बिअर’ म्हटलं की वेटर स्ट्राँगच आणून ठेवतो. माइल्ड हवी असेल तर आधी सांगावं लागतं, आणि सांगितल्यावर तो एकदा तुमच्या तोंडाकडे बघून घेतो, डॉक्टरांनी काही पथ्य सांगितलंय की काय म्हणून. पैसे मोजलेत तर चढली पाहिजे, हा इथला सरळ हिशेब. त्यामुळे नागेशचा फोन आला, “पोरानं पुण्याहून कडक माल पाठवलाय, तुझ्या नाकाला काम आहे, ये,” तेव्हा मी फारशी अपेक्षा ठेवली नव्हती.

नागेशचा मुलगा पुण्यातल्या एका लहानशा ब्रूपबमध्ये मुख्य ब्रूअरच्या हाताखाली काम करतो. 2009 मध्ये पुण्यात दूलाली सुरू झालं आणि तिथं हॉटेलातच बिअर बनवून विकायचा धंदा हळूहळू रुजला. आता ब्रूपबवाले ताजी बिअर मोठ्या काचेच्या बाटलीत भरून घरी न्यायलाही देतात. तिला ग्रोलर म्हणतात. पोराच्या मालकानं त्याला लहान टाकी देऊन सांगितलं होतं, “तुला काय करायचं ते कर, फक्त विकलं गेलं पाहिजे.” यानं केलं अमेरिकन पद्धतीचं माल्ट लिकर. एक सरळ मक्याचं, आणि दुसऱ्यात निम्म्या मक्याच्या जागी ज्वारी. दोन्हीचे दोन ग्रोलर बर्फाच्या पेटीत घालून, भिगवण-टेंभुर्णी-मोहोळ करत अडीचशे किलोमीटर गाडीनं आले होते.

माल्ट लिकर नावावरून व्हिस्कीचं भावंड वाटतं. प्रत्यक्षात ती लागरच, म्हणजे गारव्यात हळू आंबवलेली बिअर. जवाच्या माल्टबरोबर, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाबरोबर, मका किंवा साखर भरपूर, कडवटपणा देणारी हॉप्सची फुलं जेमतेम, आणि अल्कोहोल नेहमीच्या बिअरपेक्षा जास्त. अमेरिकेत काही राज्यांच्या कायद्यात ठरावीक टक्क्यांच्या वर गेलं की लेबलवर बिअर म्हणताच येत नसे, म्हणूनही हे नाव चिकटलं. कोल्ट 45 बाजारात आली 1963 मध्ये. पुढं हा प्रकार 40 औंसाच्या, म्हणजे जवळजवळ 1.18 लिटरच्या बाटलीत विकला जाऊ लागला. स्वस्त, मोठी आणि लवकर चढणारी. गरीब वस्त्यांवर डोळा ठेवून तिच्या जाहिराती झाल्या आणि त्यावरून तिकडं पुष्कळ ओरडही झाली. 1991 मध्ये पॉवरमास्टर नावाची एक बाजारातून मागं घ्यावी लागली, कारण नावातच ताकदीची जाहिरात आहे असं सरकारनं धरलं. तिथं 1935 च्या कायद्यानं बिअरच्या लेबलवर अल्कोहोलचं प्रमाण छापायलाच बंदी होती. ती सुप्रीम कोर्टानं 1995 मध्ये उठवली. आपल्याकडं उलटं. आपल्या बाटलीवर बिअर हा शब्द बारीक असला तरी चालतो, स्ट्राँग मात्र लांबून वाचता आलं पाहिजे.

आता माझ्या नाकाचं. मी बिअरमधला जाणकार वगैरे नाही. माझं आयुष्य अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या प्रोसेस हाऊसमध्ये गेलं. मागावर सूत तुटू नये म्हणून ताण्याला खळ लावतात, ती बहुतेक वेळा मक्याच्या स्टार्चची. विणून झालं की रंगाईआधी ती खळ काढावी लागते, नाहीतर रंग डागाडागानं बसतो. ती काढायला एन्झाइम घालतात. एन्झाइम स्टार्चची लांब साखळी तोडतं, तिचे विरघळणारे तुकडे होतात आणि पाण्याबरोबर निघून जातात. मग कापडावर आयोडीनचा थेंब टाकायचा. निळा-काळा डाग पडला तर स्टार्च शिल्लक आहे, माल परत टाकीत.

बिअरवाले नेमकं हेच करतात. त्यांचं एन्झाइम मोड आलेल्या जवातून येतं, आणि आम्ही गटारात सोडतो ते साखरेचं पाणी ते जपून ठेवून आंबवतात. मी कामाला लागलो तेव्हा आमचे डायिंग मास्तर बंद पडलेल्या मिलमधून आलेले होते. ते सांगायचे की फार पूर्वी खळ काढायला माल्टचाच अर्क वापरायचे आणि त्या पिंपांना गोड वास यायचा. जिवाणूंपासून काढलेली एन्झाइम आली आणि तो वास गेला. पोरानं पहिल्यांदा ब्रूपबमधून मला फोन केला होता तो आयोडीनच्या टेस्टबद्दलच. “काका, इथं पण थेंब टाकून बघतात!” त्याच्या बापाचे माग, माझं प्रोसेस हाऊस. त्याला त्याची गंमत वाटणारच.

जानेवारीचा शेवट होता. नागेशच्या गच्चीवर बसलो. तिसरा दत्ता. दत्ता माळकरी आहे, वारी करतो, थेंब घेत नाही. पण शेंगाचटणी आणि कडक भाकरी कुठं आहे म्हटलं की तो हजर असतो. त्यालाच म्हटलं, तू ओत. आम्हाला कळता कामा नये कुठल्या ग्लासात काय आहे. दोन ग्रोलर आणि तिसरी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली नेहमीची स्ट्राँग. कंपनी कुठली ते सांगत नाही.

दत्ता म्हणाला, “ज्या गावात 1930 ला लोक रूपाभवानीकडं शिंदीची झाडं तोडायला गेले, गोळ्या खाल्ल्या, मार्शल लॉ सोसला, त्या गावात माझ्या हातानं तुम्ही हे करून घेलालाव.” बोलला, पण बाह्या सारून तयारही झाला. मी परवाना दाखवला, हजार रुपयांचा, आजन्माचा. तो म्हणाला, पांडुरंगाला दाखव.

ग्लास मी घरूनच नेले होते. साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला की फेस बसतो, म्हणून नुसत्या सोड्याच्या पाण्यानं धुऊन पालथे घालून वाळवलेले. दत्तानं खाली जाऊन तिन्ही भरले आणि ओळखायला नागेशच्या कारखान्यातले सुताचे तुकडे ग्लासांना बांधले. लाल, हिरवा, पांढरा. कुठला कशाचा ते त्यानं कागदावर लिहून खिशात ठेवलं.

आधी नुसतं बघितलं. तिन्ही फिकट पिवळे. पांढरा दोरा आरपार लख्ख, मागचा दिवा स्वच्छ दिसत होता. लाल आणि हिरवा किंचित धूसर, कारण ब्रूपबचा माल गाळलेला नसतो. फेसात मात्र फरक होता. लालचा फेस सोड्याच्या बाटलीसारखा वर आला आणि बघता बघता खाली बसला. मक्यात फेस धरणारं प्रथिन फारसं येत नाही, त्याचा हा परिणाम. हिरव्याचा जरा टिकला, आणि प्यायल्यावर काचेला त्याची कड राहिली.

पेटीतून काढल्या काढल्या माझ्या थर्मामीटरवर 5 अंश होते. हा थर्मामीटर डाय बाथचा, टोकाला अजून निळ्या रंगाचा डाग आहे. नागेशनं तो ग्लासात घालायला आधी हरकत घेतली. 5 अंशाला पहिला घोट घेतला. लाल: थंड, हलकं, जिभेवर जरा गोड. हिरवा: तसाच. पांढरा: तसाच, किंचित जास्त गोड. वास म्हणावा तर कशालाच नाही.

“तिन्ही एकच हाय,” नागेश म्हणाला. त्याचं तोंड पडलं. पोराची एवढी मेहनत आणि कोपऱ्यावरची बाटली, फरक शून्य.

मी म्हटलं थांब. पिऊ नको, ठेव.

स्ट्राँग बिअर बर्फासारखी गार का पाजतात हे त्या गच्चीवर बसून नीट कळलं. 5 अंशाला नाक बंद आणि जीभ बधिर. गोडी दबते, अल्कोहोल दबतं, चूक असेल तर तीही दबते. अमेरिकेतल्या त्या मोठ्या बाटलीची गंमत अशी की शेवटचा पाव भाग प्यायचा तोवर ती कोमट होते, आणि मग खरा माल कळतो. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा 42 च्या वर जातो, तेव्हा तर अर्ध्या बाटलीतच कळतो. म्हणून लोक घाईनं संपवतात. मग म्हणतात लवकर चढली.

मधल्या वेळात भाकरी, दही, चटणी. गच्चीवर गारवा होता तरी पारा हळूहळू चढत 12 वर आला. नागेश दोनदा म्हणाला, “का बे, एवढं काय हुंगलालास? पी की.”

पांढऱ्यानं सगळ्यात आधी तोंड उघडलं. थिनरचा डबा लांब कुठंतरी उघडावा तसा वास. कारखान्यात सॉल्व्हंटजवळ काम केलेल्या माणसाला तो चुकत नाही. दाट साखरपाणी घाईनं, उबेत आंबवलं की यीस्ट नुसतं साधं अल्कोहोल करून थांबत नाही, जड अल्कोहोलं आणि एस्टर नावाची वासाची द्रव्यंही करतं. घोट गिळल्यावर घशात मागं गरम रेघ उठली आणि वर गोडी चिकटून राहिली. ती गोडी माल्टची नव्हती. नागेशनं वास घेतला आणि ग्लास लांब धरला. हाच माणूस तीच बाटली गेली कित्येक वर्षं आनंदानं पितोय. ते मी त्याला बोललो नाही.

लाल वेगळा निघाला. उकडलेल्या कणसाचा वास, चांगला ठसठशीत. नागेश खूश, “मका हाय ना, मक्याचा वास येणारच.” तसं थोडं आहेही. पण एवढा वास मक्याचा नसतो. फिकट भाजलेल्या जवाच्या माल्टमध्ये एक घटक असतो, तो उकळताना मोडतो आणि त्यातून डायमिथाइल सल्फाइड सुटतं. झाकण उघडं ठेवून खळाखळा उकळलं तर ते वाफेबरोबर उडून जातं. उकळी मंद राहिली, झाकण अर्धवट राहिलं किंवा नंतर गार करायला वेळ लागला तर ते आतच राहतं आणि पेल्यात कणीस लागतं. बाकी लाल स्वच्छ होता. अल्कोहोल लागत होतं पण जाळत नव्हतं. छातीत ऊब, घशात नाही. याचा अर्थ पोरानं यीस्टला घाई केली नव्हती. लागरचं यीस्ट 10-12 अंशाला हळू काम करतं, नंतर शून्याजवळ आठवडे पडून राहू द्यावं लागतं, आणि त्या लहान टाकीवर मालकाचा रोज डोळा असणार. तिथं धीर धरला, हे मला त्या एका घोटातून कळलं, आणि मी ते नागेशला मुद्दाम दोनदा सांगितलं.

तरी लालचं एक होतं. घोट तोंडात आला आणि गेला, मागं काही नाही. सव्वासात टक्के म्हणे, आणि तोंडात पाण्यासारखं पातळ. ही चूक नाही, या प्रकाराची घडणच तशी आहे. पाण्याची घनता 1 धरून बिअरची किती, ते आकडे पोरानं चिठ्ठीवर लिहून दिले होते: आंबवण्याआधी 1.064, नंतर 1.008. आम्ही कॉस्टिकचा दाटपणा ट्वाडलमध्ये मोजतो, त्या भाषेत 12.8 ट्वाडलवरून 1.6 ट्वाडल. फरकाला 131 नं गुणलं की साधारण 7.3 टक्के अल्कोहोल निघतं. आपल्याकडच्या नियमात 5 ते 8 टक्क्यांपर्यंत स्ट्राँग, म्हणजे त्यातच बसतं. पण बघायचं ते दुसरं. 64 मधले 56 गेले, उरले 8. नेहमीच्या जवाच्या लागरमध्ये याहून जास्त उरतं, आणि ते जे उरतं तेच तोंडाला भरल्यासारखं लागतं. ते यीस्टला न पचणारे स्टार्चचे मधले तुकडे असतात. मका घातला, मॅश, म्हणजे भरडलेलं धान्य आणि गरम पाण्याचं मिश्रण, 62-63 अंशाला बराच वेळ धरला की तुकडे फार बारीक होतात, यीस्ट सगळं खाऊन टाकतं. काही कारखाने तर वरून आणखी एन्झाइम घालून उरलेसुरले तुकडेही संपवतात. आमच्याकडं खळ पूर्ण निघाली तर साहेब पाठ थोपटायचे. पण कापडातून काढायची असते ती पेल्यात थोडी ठेवायची असते, आणि माल्ट लिकर नेमकं तिथंच हात आखडतं. ताकद सगळी हवी, अंग नको.

हिरवा मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. कणसाचा वास होता पण मागं. पुढं कोरडा, पिठाळ वास, परातीत भाकरीचं पीठ काढल्यावर येतो तो. घोट जरा भरीव, आणि शेवटी बारीकसा तुरटपणा, त्यामुळं गोडी चिकटत नव्हती. मी ग्लास खाली ठेवून म्हटलं, ही ज्वारी. दत्तानं खिशातली चिठ्ठी काढली नाही, नुसता हसला.

ज्वारीची बिअर आपल्याला नवल वाटते, जगाला नाही. नायजेरियानं 1988 मध्ये जवाच्या माल्टची आयात बंद केली तेव्हा तिथल्या मोठमोठ्या ब्रूअरींना ज्वारीवर यावं लागलं होतं. अडचण एवढीच की ज्वारीचा स्टार्च जवापेक्षा जास्त उष्णतेला फुगतो, म्हणून ती आधी वेगळी शिजवून मग मॅशमध्ये घालावी लागते. पोरानं ते केलं होतं, आणि त्या जादा भांड्यासाठी मालकाशी वाद घातला होता, असं नागेश म्हणाला. ज्वारी कुठली होती? पुण्यातल्या दुकानातली, पाकिटातली. मालदांडी ही ज्वारीची जात ज्या मोहोळच्या संशोधन केंद्रातून निवडून पुढं आली, तिथून ग्रोलरची गाडी गेली, आणि ज्वारी मात्र पाकिटातली!

खाण्याबरोबर आणखी एक फेरी झाली. तेलातली लसूण घातलेली शेंगाचटणी पांढऱ्याबरोबर घेतली तर तोंडात नुसती आग. जास्त अल्कोहोल तिखट वाढवतं. लालनं आग विझवली पण चटणीची चवही धुऊन नेली. हिरवा आणि कडक भाकरीवर दही, हे जमलं. का जमलं त्याला फार डोकं लावायची गरज नाही, दोन्हीकडं एकच धान्य.

मग नागेशला सांगितलं की आता तू सांग, तुझ्या पोराचे कुठले. त्यानं न अडखळता लाल आणि हिरवा उचलले. दत्तानं कागद उघडला. बरोबर होतं. “12 अंशाला आंधळा पण सांगेल बे,” नागेश म्हणाला. मघाशी तिन्ही एकच म्हणणारा हाच. त्यानंतर तो पोराची बॅच संपवायच्या मागं लागला, आणि पांढरा ग्लास तसाच राहिला. दत्तानं तो कुंडीत ओतला. कुंडीत तुळस नाही ना, हे आधी बघून.

पोराला फोन लावला. कणसाच्या वासाचं सांगितलं तर तो म्हणाला, “उकळीला बर्नर कमी पडतो काका, त्यात शेजारच्या फ्लॅटवाल्यांनी वाफेची तक्रार केली म्हणून झाकण लावलेलं.” म्हणजे त्याला माहीत होतं. मी म्हटलं, मॅश 66-67 ला धर, थोडं अंग राहू दे.

“मग ते माल्ट लिकर नाही राहत काका.”

“नाही राहिलं तर काय बिघडलं?”

“मालक विचारतोय बोर्डावर काय लिहू. त्याला स्ट्राँग लिहायचंय. बाकी कोणी काही वाचत नाही म्हणतो.”

मालकाचंही चूक नाही. भाडं, परवाना, कर, सगळं त्याच्या डोक्यावर. मी म्हटलं, लिहू दे स्ट्राँग. खाली बारीक अक्षरात ज्वारी लिही, आणि बर्फासारखी गार देऊ नको, 8-9 अंशाला दे. गिऱ्हाईकानं विचारलं तर सांग, गार केली की दुसऱ्या कुठल्या पण बाटलीसारखी लागते. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, मक्याचं बंद करतो, ज्वारीचंच परत लावतो, बर्नरचं मालकाला पटवतो. ज्वारी मात्र चांगली पाहिजे.

तेवढं ठरलं. मंगळवेढ्याची ज्वारी नागेशच्या मेहुण्याच्या ओळखीनं मिळते, भौगोलिक मानांकन असलेली. मोड आणायची नाही, नुसती भरडून शिजवायची आहे, तरी किडका दाणा नको असं पोरानं बजावलंय. एक पोतं निवडून ठेवलंय. दराचं नागेश आणि त्याचा मेहुणा अजून भांडतायत.